शेळीच्या वाट्याची पेंड

१९९६ सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी तेव्हा माणदेशातल्या एका तालुक्याच्या गावी पतसंस्थेत कर्ज विभागाचा कारकून होतो. दहा शेळ्या आणि एक बोकड अशा गटासाठी आम्ही कर्ज देत असू. त्या वर्षी एका विधवा बाईंचे प्रकरण माझ्या टेबलावरून मंजुरीला गेले. त्यांच्या गावात नुकतीच चराईबंदी झाली होती. डोंगरावर सलग समपातळी चर खणले होते, रोपे लावली होती आणि कोणाचेही जनावर तिकडे फिरकू द्यायचे नाही असा ग्रामसभेचा ठराव होता. त्यामुळे ‘शेळ्या बंदिस्त पाळीन, मोकाट सोडणार नाही’ असे हमीपत्र आम्ही बाईंकडून घेतले. ते मीच लिहिले होते. त्यावर त्यांचा अंगठा होता.

सहा महिन्यांनी तपासणीला गेलो. गोठा स्वच्छ होता. गव्हाणीत ज्वारीच्या कडब्याची बारीक कुट्टी काठोकाठ भरलेली होती. शेळ्यांची पोटे फुगलेली दिसत होती, पण पाठीचे मणके हाताला लागत होते. दोन शेळ्या गाभडल्या होत्या. व्यालेल्यांना दूध नव्हते, म्हणून तीन करडे गेली होती. बाई म्हणाल्या, “पोट भरतंय वो सायेब, पण अंगाला लागंना.”

मी अहवालात लिहिले : ‘चारा मुबलक. निगा अपुरी.’

हा लेख त्या चार शब्दांविषयी आहे. मी पदवीने पशुवैद्य नाही की इतिहासकारही नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. पण ‘अंगाला लागंना’ हे वाक्य डोक्यातून गेले नाही. त्याचा माग काढत गेली वीस-बावीस वर्षे शब्दकोश शेजारी ठेवून जुने सरकारी अहवाल आणि पशुपोषणाची पुस्तके वाचत आलो. माझे चार शब्द चूक होते, हे पहिल्या दोन-तीन वर्षांतच कळले. ती चूक माझ्या एकट्याची नव्हती, तिला शंभरहून अधिक वर्षांचा इतिहास आहे, हे कळायला मात्र पुढची सगळी वर्षे लागली.

१८८३ : कोपनहेगन आणि पुणे

या इतिहासात १८८३ हे साल महत्त्वाचे आहे. त्या वर्षी दोन ठिकाणी दोन गोष्टी घडल्या. त्यांचा एकमेकींशी काहीही संबंध नव्हता.

पहिली कोपनहेगनमधली. तिथल्या कार्ल्सबर्ग या बिअरच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत योहान केल्डाल नावाचा रसायनशास्त्रज्ञ काम करत होता. बिअरसाठी वापरायच्या सातूत प्रथिने किती हे त्याला झटपट मोजायचे होते. त्याने धान्य तीव्र गंधकाम्लात उकळले, त्यातला नत्र अमोनियाच्या रूपात वेगळा केला आणि मोजला. प्रथिनांमध्ये साधारण सोळा टक्के नत्र असतो. म्हणून आलेल्या आकड्याला ६.२५ ने गुणले की प्रथिनांचा अंदाज येतो. ही रीत इतकी सोपी आणि खात्रीची ठरली की जगभरच्या चारा प्रयोगशाळांनी ती उचलली. आजही पशुखाद्याच्या पोत्यावर ‘क्रूड प्रोटीन’ म्हणून जो टक्का छापलेला असतो, त्यामागे हाच हिशेब आहे.

या मोजपट्टीने आपल्याकडचा वैरणीचा ढीग मोजला तर काय दिसते? ज्वारीच्या कडब्यात प्रथिने ढोबळमानाने चार टक्के. गव्हाच्या काडात तीन, भाताच्या पेंढ्यात तीन-चार. माळावरचे कुसळी गवत वाळून पांढरे पडले की त्याचीही गत तीच. उलट शेंगदाणा पेंडीत चाळीसच्या वर, शेवरी आणि सुबाभळीच्या वाळलेल्या पाल्यात वीस ते पंचवीस, बाभळीच्या शेंगांत बाराच्या आसपास.

दुसरी गोष्ट पुण्यातली. त्याच १८८३ साली जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पूर्ण केले. त्या ग्रंथातले कर्ज, कज्जे आणि कारकुनशाहीबद्दलचे भाग नेहमी उद्धृत होतात. मला थांबवले ते जंगलखात्याविषयीच्या भागाने. फुले सांगतात की पूर्वी ज्यांचे थोडक्या शेतीवर भागत नसे, ते रानची फळे, पाने, फुले गोळा करून आणि एखाददुसरी गाय, दोन-चार शेळ्या पाळून आपापल्या गावी सुखाने राहत असत. पुढे सरकारने डोंगर, पडीक जमिनी आणि गायराने जंगलखात्यात घातली आणि त्या गरिबांच्या शेरडांना रानचा वाराही मिळेनासा झाला. या तक्रारीच्या पाच वर्षे आधी, १८७८ मध्ये, वनकायदा झाला होता. १८७६ ते ७८ च्या दुष्काळाने दख्खनचे गोठे रिकामे केले होते, ते पुरते भरलेही नव्हते.

केल्डालने वैरणीत काय कमी असते हे मोजायची रीत दिली. ती उणीव शेळी आजवर कुठून भरून काढत होती आणि ते ठिकाण कसे बंद झाले, हे फुल्यांनी सांगितले. मला हे दोन्ही एकत्र ठेवून वाचावे लागले, तेव्हा कुठे बाईंच्या गोठ्यात काय घडले ते समजले.

कोटीपोटातली माणसे

शेळीच्या पोटाची पहिली आणि सर्वांत मोठी पिशवी म्हणजे कोटीपोट. काडी-कडबा पचवणारे पाचकरस शेळीपाशी नाहीतच. ते काम या पिशवीत राहणारे अब्जावधी सूक्ष्मजीव करतात. ते काडी कुजवतात, त्यातून निघणारी आम्ले शेळीला ऊर्जा देतात आणि पुढे हे जीव स्वतःच शेळीच्या पोटात पचून तिची प्रथिने होतात. म्हणजे शेळीच्या गोठ्यात आधी जेवतात ते हे बिनचेहऱ्याचे गडी. त्यांना वाढायला नत्र लागतो. त्याआधारे ते साध्या नत्रापासूनही प्रथिने घडवू शकतील, असा विचार जर्मनीत झुंट्झ याने १८९१ मध्ये मांडला होता. फिनलंडच्या विर्तानेन यांनी १९६६ मध्ये तो टोकापर्यंत नेऊन दाखवला. त्यांच्या गाईंना प्रथिने अजिबात दिली जात नव्हती, नत्र मिळत होता तो युरिया आणि अमोनियाच्या क्षारांतून, तरीही त्या दूध देत राहिल्या.

वैरणीतली प्रथिने सात टक्क्यांच्या आसपास किंवा खाली गेली की या गड्यांना नत्र पुरत नाही. त्यांची संख्या घटते. काडी कुजायला वेळ लागतो, ती पिशवीत पडून राहते. पिशवी रिकामी होत नाही, म्हणून शेळी कमी खाते. फुगलेले पोट आणि वर आलेले मणके एकाच वेळी दिसतात ते यामुळे. गव्हाण भरलेली असताना शेळी उपाशी असते.

आकड्यांत सांगायचे तर तीस किलोच्या शेळीला केवळ तग धरायला रोज साधारण पन्नास ग्रॅम प्रथिने लागतात. शेवटच्या दीड महिन्याची गाभण किंवा दूध पाजणारी असेल तर त्याच्या दुपटीपर्यंत. ती दिवसाला सातशे ग्रॅम कडबा खात असेल तर त्यातून मिळतात अठ्ठावीस ग्रॅम, आणि तीही सगळी पचत नाहीत. कुट्टी कितीही बारीक केली तरी हा आकडा बदलत नाही. उलट न कुटलेल्या कडब्यातून शेळी निदान पात तेवढी निवडून खाते आणि बुडखा टाकून देते. बारीक कुट्टीत ती निवडही अवघड होते.

आता यात शंभर ग्रॅम शेंगदाणा पेंड घाला. चाळीसेक ग्रॅम प्रथिने वाढतात. किंवा किलोभर ओली शेवरी टांगा. तिच्यात पाव किलो कोरडा भाग आणि त्यात पन्नासेक ग्रॅम प्रथिने असतात. यातली खरी गंमत बेरजेत नाही. गड्यांना नत्र मिळाला की तोच कडबा लवकर कुजतो, पोट मोकळे होते आणि शेळी आधीपेक्षा जास्त कडबा खाते. मूठभर पेंड ढीगभर कडब्याला कामाला लावते. मात्र हा गुण थोडक्या पुरवणीचा आहे. पेंड किंवा धान्याचा मारा केला तर पोट बिघडते, आणि युरिया अंदाजाने दिला तर शेळी तासाभरात मरू शकते. ऐंशीच्या दशकात आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने युरिया आणि मळीची चाटण-वीट आणली. तिच्यामागचा विचार हाच होता : नत्र द्यायचा, पण चाटून चाटून, थोडा थोडा.

आजीची पोती

हे सगळे वाचताना मला माझी आजी आठवत राहिली. ती मेंढपाळ नव्हती, चार शेरडे राखून होती. तिच्या खांद्यावर बांबूची आकडी असायची. त्या आकडीने ती बोरी-बाभळीची डहाळी वाकवून धरी. शेळ्या मागच्या पायांवर उभ्या राहून पाला ओरबाडत. शेळीचा वरचा ओठ हाताच्या बोटांसारखा चालतो. काट्यांमधले कोवळे पान ती नेमके टिपते. गाय जिभेने गवताचा घास वेढून ओढते, तिला ही निवड जमत नाही. म्हणूनच ज्या माळावर गाय हाडे होते, तिथे शेळी धड राहते. माळ दोघींसाठी सारखा नसतो. शेळी त्यातले पंधरा-वीस टक्के प्रथिनांचे घास वेचून काढते.

आणि पोती. फाल्गुन ते वैशाख या काळात बाभळीच्या शेंगा वाळून गळतात. गवत सर्वांत निकस असते ते याच दिवसांत. आजी शेंगा झाडून गोणपाटात भरायची आणि माळ्यावर ठेवायची. व्यायला झालेल्या शेळीला संध्याकाळी ओंजळभर शेंगा वेगळ्या मिळत. त्याला ती ‘खुराक’ म्हणे. नत्र, कोटीपोट यांतले तिला काही ठाऊक नव्हते. पण कोणाला द्यायचे, केव्हा द्यायचे आणि किती द्यायचे, हे तिन्ही तिचे बरोबर होते.

या शेंगांचे आणखी एक. त्यांतले बरेचसे बी शेळीच्या पोटातून अखंड बाहेर पडते आणि पोटातल्या प्रवासाने त्याचे कठीण कवच नरमल्यामुळे चांगले उगवते. वाडग्यातून वेचलेले बाभळीचे बी रोपवाटिकेला चांगले, हे वनखात्यातही जुन्या काळापासून माहीत होते. झाडांची वैरीण म्हणून जिला रानाबाहेर काढले, ती बाभळीची पेरणीही करत होती.

पेंड कुठे गेली?

रान बंद झाल्यावर उरते ती पेंड. ती शेळीपर्यंत का पोचली नाही?

१८८९ मध्ये डॉ. जॉन ऑगस्टस व्होल्कर हे इंग्लंडच्या रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे रसायनतज्ज्ञ हिंदुस्थानात आले. देशभर हिंडून त्यांनी १८९३ मध्ये शेतीसुधारणेवर मोठा अहवाल प्रसिद्ध केला. पुण्यातल्या एका जुन्या ग्रंथालयात मी तो पंधरा दिवस रोज जाऊन वाचला. हिंदी शेतकऱ्याला अडाणी समजणाऱ्यांना व्होल्कर स्पष्ट विरोध करतात. गावाजवळ सरपण आणि वैरणीसाठी राखीव राने असावीत असे ते सुचवतात. आणि तेलबियांच्या निर्यातीबद्दल चिंता व्यक्त करतात. बी परदेशी गेले की तेलाबरोबर पेंडही जाते, म्हणजे जमिनीचा कस जातो. तेल इथेच गाळून तेवढेच बाहेर पाठवले तर पेंड देशात राहील, हे त्यांचे म्हणणे होते.

त्यांचे कोणी फारसे ऐकले नाही. भुईमूग, जवस, तीळ, सरकी मुंबई बंदरातून इंग्लंड-फ्रान्सला जात राहिली आणि तिथल्या गाईंच्या गव्हाणीत पेंड पडत राहिली. स्वातंत्र्यानंतर तेल काढण्याचे मोठे कारखाने इथेच उभे राहिले. तेव्हा व्होल्करांची अर्धी इच्छा पुरी झाली, तेल इथे राहिले. पण तेल काढून घेतलेली पेंड परकीय चलनासाठी बाहेर जाऊ लागली, आधी शेंगदाण्याची, मग सोयाबीनची.

गावात जी पेंड उरे तिचाही मानपान ठरलेला होता. तेल्याच्या घाण्यावरून आलेली ढेप पहिल्यांदा औताच्या बैलाला, नंतर दुभत्या म्हशीला. म्हशीच्या भिजवलेल्या खाद्याला मराठीत ‘आंबोण’ असा खास शब्द आहे. शेळीची आंबोण मी माणदेशात कधी ऐकली नाही. मला याचे कारण साधे वाटते. बैल आणि म्हैस हा घरच्या कर्त्याचा व्यवहार. शेळी बाईची, आणि बहुतेक वेळा बिनजमिनीच्या घरची. पेंडीला बाजारात रोख पैसा लागतो. शेळीची सारी किंमतच यात होती की तिला रोख लागत नाही. १९१९ मध्ये आजारी गांधीजींनी कस्तुरबांच्या सूचनेवरून शेळीचे दूध घ्यायला सुरुवात केली, तेव्हा शेळी एकाएकी देशाच्या चित्रात आली. खाद्याच्या हिशेबात ती तेव्हाही आली नाही. २०१३ च्या दुष्काळात माझ्या तालुक्यातली चारा छावणी मी रोज पाहत होतो. तिथे ऊस आणि पेंड मिळे. दावणीला गाई, बैल, म्हशी होत्या. शेळी एकही नव्हती.

सुबाभळीची गोष्ट

मध्यंतरी एक आशा आली होती. सत्तरच्या दशकात उरुळीकांचनच्या मणिभाई देसाई यांनी ‘बाएफ’मार्फत सुबाभळीचा ध्यास घेतला. हवाई विद्यापीठात निवडलेल्या उंच जाती त्यांनी इथे रुजवल्या. बांधावर, पडीक जमिनीवर लावा, पाला जनावराला, लाकूड चुलीला, असा तो विचार. पाल्यात प्रथिने भरपूर, पण मिमोसिन नावाचे एक द्रव्यही असते. जास्त खाल्ल्यास जनावराचे केस झडतात, गळ्याशी गाठ येते. ऑस्ट्रेलियात याच कारणाने पशुपालक हैराण होते.

तिथल्या रेमंड जोन्स या शास्त्रज्ञाच्या लक्षात आले की हवाईतल्या शेळ्या सुबाभळीवर पोसूनही ठणठणीत आहेत. त्यांच्या कोटीपोटात या विषाचा निचरा करणारे जीवाणू होते. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ते ऑस्ट्रेलियाच्या जनावरांच्या पोटात सोडण्यात आले आणि त्यांनाही सुबाभूळ पचू लागली. १९९२ मध्ये त्या जीवाणूला जोन्स यांच्या नावावरून ‘सिनर्जिस्टिस जोन्सी’ असे नाव मिळाले. लाखमोलाच्या गाई-बैलांना वाचवणारी ही देणगी शेळीच्या पोटातून गेली होती.

आपल्याकडे पुढे सुबाभळीवर कीड आली, उत्साह ओसरला. पण ज्यांनी बांधावर चार झाडे राखली आणि पाला इतर वैरणीत मिसळून दिला, त्यांच्या शेळ्यांना तिने जगवले.

चराईबंदीचा हिशेब

चराईबंदी वाईट, असे मला म्हणायचे नाही. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजारने ती पाळली आणि डोंगर हिरवे झाले, विहिरींना पाणी आले. ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. मोकाट शेळी कोवळी रोपे खाते, हेही खरे. पण बंदीनंतर डोंगरावर वाढले ते गवत, आणि कापून आणलेले गवत प्रामुख्याने गाई-म्हशींच्या उपयोगाचे. विहिरीचे पाणी विहीरवाल्याचे. ज्या बाईला जमीन नाही, तिच्या शेळीचा पाला, शेंगा आणि डहाळी मात्र एका ठरावाने गेली. ती रोज पन्नास ग्रॅम प्रथिने होती. ठरावात कोणी तिची किंमत धरली नाही, कारण ती कुठल्याच वहीत मांडलेली नव्हती. मी कर्जाचा अंदाज केला तेव्हा गोठा, कुट्टी, विमा, औषधे सगळे धरले. पुरवणी खाद्याचा रकाना कोरा सोडला. त्या रकान्यात शेळीमागे शंभर ग्रॅम पेंड, किंवा बंदीच्या डोंगराच्या पायथ्याशी त्या बाईंसाठी शेवरीच्या दोन ओळी लिहिल्या असत्या, तर बहुधा ती करडे जगली असती. तुरीचे आणि हरभऱ्याचे भुसकट, भुईमुगाचा वाळलेला पाला एवढे जरी कडब्यात मिसळले असते तरी फरक पडला असता.

२०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ६ लाख शेळ्या मोजल्या गेल्या. आजही दहा शेळ्या-एक बोकड अशा योजना निघतात. बंदिस्त शेळीपालनाच्या शिबिरांत उंच गोठ्यांची चित्रे दाखवतात. मी जिथे जातो तिथे एकच प्रश्न विचारतो : रानातला पाला बंद केल्यावर त्याच्या जागी काय देणार, आणि त्याचे पैसे कोण देणार?

त्या बाईंनी शेळ्या विकून कर्ज फेडले. शेवटचा हप्ता १९९९ मध्ये आला. गेल्या माघात मी त्यांच्या गावी गेलो. आता त्या पंच्याहत्तरीच्या पुढे आहेत. दारात दोनच शेळ्या आहेत, काळ्या उस्मानाबादी. भिंतीला दोरीने शेवरीची जुडी टांगलेली होती आणि पडवीत बाभळीच्या शेंगांचे अर्धे पोते होते. मी म्हणालो, “मावशी, तेव्हा मी कागदावर तुमची निगा अपुरी म्हणून लिहिलं होतं. ते चुकीचं होतं. चूक आमची होती.” आणि कडबा, नत्र, पोटातले जीव, जमेल तेवढे सांगितले.

त्यांनी ऐकून घेतले. चहा ठेवायला उठता उठता म्हणाल्या, “हे तवाच सांगायचं हुतं की वो सायेब.”